शाळेचा ठराव आणि शेतकऱ्याची गैरहजिरी

आमच्या कळंब भागांत एक तक्रार वरचेवर ऐकूं येते कीं, पंचायतीचे व शाळेचे ठराव शेतकऱ्यास न विचारतां होतात. तक्रार अगदींच खोटी नाहीं; पण ती अर्धी आहे. ग्रामसभेस मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० असामी, यांत जी संख्या कमी, तेवढी हजिरी लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अटच नाहीं. मग पांचपंचवीस मंडळी जें ठरवितील तो गांवाचा ठराव. त्या वेळीं आपण घरीं होतों, एवढेंच.

शाळेच्या बाबतींत हें दुर्लक्ष आतां महाग पडेल. २०२३ सालीं राज्याच्या शिक्षण खात्यानें २० हून कमी पटाच्या शाळा एकत्र आणून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा राज्यांत १४ हजारांवर भरल्या. एकाच गुरुजींनीं चार इयत्ता सांभाळण्यापेक्षां मोठी शाळा बरी, हें म्हणणें आम्ही झिडकारीत नाहीं. परंतु पांचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी, असा नियमही सरकारचाच आहे. आषाढांत ओढा दुथडी भरला असतां वाडीवरील सहा वर्षांच्या पोरानें पलीकडे जावें कसें? गाडी देऊं म्हणतात; ती वाडीच्या पायवाटेवर चढणार आहे काय? हे प्रश्न सभेंत विचारावयाचे असतात, चहाच्या दुकानांत नव्हे.

ठाकर-कातकरी वाड्यांची स्थिति तर निराळीच. भात झोडून झालें कीं कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात, आणि मुलें त्यांच्याबरोबर. पट कागदावर राहतो, वर्ग ओस पडतो. मुलांसाठीं हंगामी वसतिगृहाची सोय सरकारी योजनेंत आहे, पण ती मागावयास कोणी तरी बसलें पाहिजे.

आमचीं मुलें नेरळ-कर्जतच्या इंग्रजी शाळेंत जातात, आम्हांस काय त्याचें, असें कांहीं बागायतदार म्हणतील. त्यांस आठवण द्यावीशी वाटते. १८६९ च्या लोकल फंडाच्या कायद्यानें साऱ्याच्या रुपयामागें एक आणा जादा पट्टी घेत, आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाई. गांवोगांवच्या शाळा आपल्या आजे-पणजांच्या साऱ्यावर उभ्या राहिल्या.

एकदां ठराव झाला म्हणजे काम झालें, असेंही समजूं नये. आपल्याच, म्हणजे तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील महाडचा दाखला पाहा. सार्वजनिक पाणवठे व शाळा अस्पृश्यांस खुल्या करण्याविषयीं सी. के. बोले यांचा ठराव १९२३ च्या ऑगस्टांत मुंबईच्या कायदे कौन्सिलानें मंजूर केला, व पुढील जानेवारींत महाड नगरपालिकेनें तो उचलला. तीन वर्षें तो दप्तरांत पडून होता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह चवदार तळ्यावर गेले तेव्हां कोठें त्यास अर्थ आला. आणि त्याच ऑगस्टांत नगरपालिकेनें आपलाच ठराव रद्द करून टाकला! हक्क न्यायालयांत पक्का होण्यास १९३७ साल उजाडलें. आजचा समूहशाळेचा ठरावही असाच आज होईल, उद्यां मोडेल किंवा गुपचूप बदलेल. दप्तर पाहणारा मात्र हवा.

२००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या व निम्म्या स्त्रियांच्या आहेत. आतां लावणीच्या दिवसांत हे पालक असतात कोठें? आपल्याच खाचरांत, आपल्याच मजुरीवर. त्यांची गैरहजिरी आपण लावितों, ही गोष्ट मनास लागण्यासारखी आहे. म्हणून आमचें आपल्या सभासदांस सांगणें इतकेंच कीं, लावणी-कापणींत समितीची सभा सायंकाळीं पांचनंतर घ्यावयास लावावी, मागील सभेचें इतिवृत्त मोठ्यानें वाचवून घ्यावें, आणि सभा दिवसाच पडली तर बांधावरील आईबापांस दोन तास सोडावें. त्या दोन तासांची मजुरी कापूं नये.