रेषेचे इमान

सुपरहिरोंच्या अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे सांधे हलवून हवी ती ढब देता येणाऱ्या संग्राह्य मूर्ती, जोखताना वास्तवदर्शी घडण ही अस्सल कारागिरी आणि चित्रकाराच्या शैलीतील घडण ही केवळ हौस, असे मानणारे अनेक संग्राहक मूर्तीचा मूळ नमुना कोणता हा पहिला प्रश्नच विचारत नाहीत. हाँगकाँगच्या हॉट टॉइजने ‘द डार्क नाइट’ (२००८) या बॅटमॅनच्या चित्रपटातील जोकर हा खलनायक एक षष्ठांश प्रमाणात, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा, घडवला तेव्हा समोर हीथ लेजर या नटाचा चेहरा होता आणि त्वचेच्या सुरकुत्या व फिसकटलेला रंग यांतील साम्य हीच तेथे रास्त कसोटी होती. कॉमिक्समधील बॅटमॅनला असा नट नाही. तो १९३९ पासून कागदावर वाढला आहे आणि ज्या हाताने तो काढला त्या हाताची रेषा हेच त्याचे शरीर आहे.

‘द लाँग हॅलोविन’ या बॅटमॅनच्या १९९६-९७ च्या कॉमिक्स-कथामालेतील चित्रकार टिम सेल यांचा जोकर पाहावा. त्याचे दात माणसाच्या जबड्यात मावणारे नाहीत, आणि ते मावतील एवढे लहान केले की उरतो तो जांभळ्या कोटातला कोणी एक गृहस्थ. बॅटमॅनच्या मुखवट्यातील बुबुळे नसलेल्या पांढऱ्या डोळ्यांचेही तसेच आहे. तेथे माणसाचे डोळे बसवल्याने चेहरा अधिक खरा होत नाही, मुखवट्यामागचा माणूस तेवढा उघडा पडतो.

शैलीदार घडण सोपी असते, हाही गैरसमजच आहे. कॉमिक्सचा चित्रकार एका चौकटीत एकच कोन दाखवतो. मागची बाजू त्याने काढलेलीच नसते, आणि तरीही शिल्पकाराला ती त्याच हाताने काढल्यासारखी घडवावी लागते. अ‍ॅनिमेशनमध्ये निदान मॉडेल शीट असते, म्हणजे पात्र समोरून, बाजूने आणि मागून कसे दिसेल हे ठरवणारा आराखडा; परंतु १९९२ च्या ‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरीज’साठी ब्रूस टिम यांनी रेखाटलेल्या चौकोनी हनुवटीसारखे आकार सपाट रेषेत जितके सहज जुळतात, तितके घन आकारात जुळत नाहीत, आणि ती विसंगती कोठे लपवायची हे ठरवण्यातच शिल्पकाराचे खरे कौशल्य दिसते.

चित्रकार अ‍ॅलेक्स रॉस यांनी ‘किंगडम कम’ (१९९६) या कॉमिक्ससाठी जिवंत माणसे समोर ठेवून जलरंगाच्या गॉश या अपारदर्शक प्रकारात रंगवलेला, कानशिले पांढरी झालेला सुपरमॅन वास्तवदर्शी आहे खरा, पण ते वास्तवही रॉस यांचेच आहे; त्या सुपरमॅनच्या मूर्तीत दुसऱ्या कोणा धडधाकट पुरुषाचे शरीर घातले तर प्रमाणे अचूक असूनही ती चुकेल. खरी हानी होते ती ना नटाच्या, ना चित्रकाराच्या अशा मधल्या मार्गाने. पोलादी साचे महाग असल्यामुळे एकच धड अनेक पात्रांना वापरून डोके, केप व रंग तेवढे बदलण्याची पद्धत या व्यवसायात रूढ आहे. तिच्यामुळे सगळी मांडणी एका मापाची दिसते हे मान्य केले, तरी त्या एकसारख्या खांद्यांवर कोणत्याच चित्रकाराची खूण राहत नाही.

शैलीदार मूर्तीवरचा एक आक्षेप मात्र खरा आहे. ब्रूस टिम यांच्या बॅटमॅनचे रुंद धड इतक्या निमुळत्या पायांवर उभे असते की घोट्यात सांधा बसवला तर रेषा तुटते आणि न बसवला तर मूर्तीचा तोल राहत नाही. अशा वेळी पायाखाली आधाराची बैठक द्यावी, पण घोटा जाड करू नये.