जोड तापतो, सुटा भाग मरतो

उन्हाळा लागला की इंदूरच्या दुरुस्तीच्या दुकानांत बंद पडलेल्या टेबलफॅनची जी रास जमते, तिच्यातील कित्येक पंख्यांच्या मोटारींत वाइंडिंगला चिकटून एक थर्मल फ्यूज बसवलेला असतो. आणि करंगळीच्या पेराहूनही लहान अशा या वस्तूच्या वाट्याला जी वागणूक येते, तिच्यात डाखकामाविषयीचे आपले सारे अज्ञान एकवटले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या फ्यूजच्या नळीत मेणासारख्या सेंद्रिय द्रव्याची एक गोळी असते. ठरावीक तापमान, समजा १३० अंश, गाठताच ती वितळते, तिच्या आधाराने दबून राहिलेली स्प्रिंग मोकळी होते, संपर्क तुटतो आणि मोटार जळण्यापासून वाचते. गोळी पुढे थिजली तरी तुटलेला संपर्क पुन्हा जुळत नाही.

आता कथील-शिशाच्या ज्या डाखाने नवा फ्यूज जोडावयाचा तो डाख मुळी १८३ अंशांना वितळतो, आणि डाख देण्याच्या कैयाचे टोक तर साडेतीनशे अंशांच्या आसपास तापलेले असते. असे असता कारागिराने फ्यूजची तार आखूड कापून, त्याच्या अंगालगत कैया टेकवून, निवांतपणे जोड भरला, तर तो कोरा फ्यूज पंखा सुरू होण्यापूर्वीच निकामी होणार, यात नवल ते काय? दुसराही असाच गेला म्हणजे ‘मालच डुप्लिकेट’ असा निवाडा होतो, दोन्ही टोके तारेने जोडून पंखा ‘डायरेक्ट’ केला जातो, गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते, आणि पुढे वाइंडिंग तापलेच तर आग रोखणारे त्या मोटारीत काहीही उरलेले नसते.

वस्तुतः उपाय साधा आहे. तार लांब ठेवावी, जोड आणि फ्यूज यांच्या मध्ये तार चिमट्याने घट्ट पकडावी, म्हणजे वर चढणारी उष्णता चिमट्याच्या धातूत जिरते. आणि त्याहूनही उत्तम म्हणजे डाखाच्या वाटेलाच न जाता तारांवर धातूची बारीक नळी चढवून ती पक्कडीने दाबावी. डाख निवडण्यापूर्वी डाख हवाच का, हा प्रश्न विचारावा लागतो, तो याचसाठी. ई-रिक्षांच्या लिथियम बॅटऱ्या बांधणारे कारागीर सेलवर कैया न टेकवता निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडतात, त्याचेही कारण हेच.

जेथे डाख अपरिहार्य असेल तेथे, नाजूक भाग म्हणून कमी शक्तीचा, कोमट कैया वापरावा, अशी एक समजूत रूढ आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे. मंद तव्यावरची पोळी जशी भाजण्याऐवजी वाळून कडक होते, तसा कोमट टोकाखालचा जोड वितळावयास विलंब लागतो आणि तेवढ्या अवधीत उष्णता तारेवाटे सुट्या भागाच्या गाभ्यापर्यंत पोहोचते. टोक पुरेसे जाड व तापलेले असावे, राळेचा फ्लक्स ताजा असावा, आणि दोन-तीन सेकंदांत हात बाजूला व्हावा. पत्रेकामातला आम्लयुक्त फ्लक्स सर्किटवर लावणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे. तापलेल्या टोकाच्या या नियमाला एक अपवाद मात्र आहे: चपट्या सिरॅमिक कपॅसिटरला उष्णतेचा आकस्मिक धक्का बसला तर त्याला डोळ्यांना न दिसणारी चीर जाते, म्हणून तेथे आधी सबंध बोर्ड हळूहळू ऊन करावा लागतो.

आता डाखाची बाब. संगणक, दूरचित्रवाणी संच अशा नव्या मालातील शिशावर भारत सरकारच्या २०११ च्या ई-कचरा नियमांनी, काही अपवाद वगळता, वजनाने ०.१ टक्क्याची मर्यादा घातली, ते आरोग्यदृष्ट्या योग्यच झाले. परंतु शिशाच्या जागी आलेला कथील, चांदी व तांबे यांचा डाख २१७ अंशांच्या पुढे वितळतो, म्हणजे नाजूक भागावरचा ताप वाढलाच. कथील ४२ व बिस्मथ ५८ भाग असलेला डाख १३८ अंशांनाच वितळतो, म्हणून एलईडीसारख्या भागांसाठी तो मोहक वाटतो. पण तो ठिसूळ असतो, आणि जुन्या जोडातले शिसे त्यात मिसळले तर ९६ अंशांच्या आसपास वितळणारे मिश्रण तयार होऊन चालू यंत्रातच जोड सुटू शकतो. म्हणून जुना डाख निःशेष काढल्यावाचून बिस्मथला हात लावू नये. जुन्या, शिसेयुक्त बोर्डांच्या दुरुस्तीस मी कथील-शिशाच्या ६३:३७ या प्रमाणालाच कौल देईन; ६०:४० चा डाख थिजताना मधल्या अर्धवट अवस्थेत रेंगाळतो आणि तेवढ्यात हात हलला की जोड कच्चा राहतो.

कच्च्या जोडाची किंमत इंदूरला तरी परक्याने सांगावी लागू नये. येथील राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्राच्या देखरेखीखाली भारताने जिनीव्हानजीकच्या ज्या महाकाय कणत्वरकासाठी अतिसंवाहक चुंबके व चुंबके पेलणारे जॅक पुरवले, त्यात १९ सप्टेंबर २००८ रोजी दोन चुंबकांमधील विद्युत्‌वाहिनीचा, कथील-चांदीच्या डाखाने केलेला एक सदोष जोड निकामी झाला (तो इंदूरचा नव्हता, हे सांगितलेले बरे), कित्येक टन हेलियम बोगद्यात सुटले आणि यंत्र पुन्हा चालू व्हावयास २००९ चा नोव्हेंबर उजाडला.

तेव्हा शहरातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या चालकांस माझी विनंती आहे, की प्रात्यक्षिक परीक्षेत केवळ जोडाची चकाकी न पाहता परीक्षार्थ्याच्या हाती एक थर्मल फ्यूज द्यावा, आणि जोड झाल्यावर तो शाबूत आहे हे मीटरवर पाहून मगच गुण द्यावेत. गिऱ्हाइकांनीही दुरुस्त पंखा ताब्यात घेण्यापूर्वी फ्यूज नवा घातला की डायरेक्ट केला, एवढे विचारावे. आणि डायरेक्ट केला असेल तर पंखा दुकानातच ठेवून, फ्यूज बसेपर्यंत पैसे देऊ नयेत.