चाचणीतल्या रुग्णाचे बिल कोणाच्या नावावर?

नवे औषध किंवा नवी तपासणी आधी माणसांवर पाहावी लागते, आणि ती माणसे पुण्या-मुंबईतलीच असतात असे नाही. आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल ज्या संशोधनात सहभागी होते, त्यात शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या 1,31,746 स्त्रिया होत्या. 1999 मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासाने दाखवले की, एचपीव्हीची एकच तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते. मोठे काम. पण त्यातल्या 31,488 स्त्रियांची तपासणी न करता त्यांना 'नेहमीच्या उपचारां'वर ठेवले होते. त्यावर पुढे बराच वाद झाला.

मला हा शब्द खटकतो. बिल नेमके तिथेच लपते.

2019 च्या नियमांनुसार औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई ही प्रायोजकाची जबाबदारी. ते स्पष्ट आहे. पण कर्करोगाच्या रुग्णाला चाचणीत नसता तरी खाट, सलाईन, रक्त, स्कॅन लागलेच असते. त्याचे पैसे कोणी द्यायचे, हे तितके स्पष्ट नाही. विमा कंपनीकडे जावे तर परिणाम सिद्ध न झालेल्या उपचारांना पैसे न देण्याचा अपवाद पॉलिसीत असतो. तो विमा नियामकाच्या प्रमाणित यादीतलाच आहे. नव्या औषधाला तो लावला तर समजू शकतो. सलाईन कधीपासून सिद्ध व्हायची राहिली?

अमेरिकेत 2014 पासून कायदा आहे: मान्यताप्राप्त चाचणीत भाग घेतला म्हणून विमा कंपनीला रुग्णाचा नेहमीचा खर्च नाकारता येत नाही. आपल्या नियामकाने एवढे एक वाक्य लिहावे, आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण देणाऱ्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेनेही. आपल्या निवेदनांत ही मागणी यायला हवी. ऑपरेशनसाठी मोहल्ल्यात चंदा जमवायला आपण नेहमीच धावतो. विम्याने द्यायच्या पैशांसाठी का धावावे?

तोवर काम तुमच्याकडेच आहे. कुणाची अम्मी विड्या वळते, कुणाचे अब्बा यंत्रमागावर असतात; दवाखान्यातला कागद शेवटी तुमच्याच हातात येतो. संमतीपत्रावर वार्षिक उत्पन्न आणि वारसाचे नाव लिहून घेतात, तेव्हा आपणही विचारावे: नेहमीच्या तपासण्या आणि दवाखान्यात राहण्याचा खर्च कोण देणार? उत्तर लेखी घ्या. विमा असेल तर सहीच्या आधी कंपनीलाही ईमेल करा. नको वाटले तर रुग्णाला चाचणी केव्हाही सोडता येते. आणि संमतीपत्राची प्रत मागून घ्या, ती त्यांनी द्यायचीच असते.