नोंद नसलेल्या तापाचे अर्थकारण

पावसाळा सरला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी कुटुंबे गवतकापणीसाठी, लाकूडफाट्यासाठी, गुरांमागे रानात जातात. गुरांच्या आणि रानाच्या सहवासात अंगाला गोचीड चिकटते, आणि आठवड्याभरात कुणाला ताप भरतो, डोके ठणकते, तळहात-तळपायांवरही पुरळ उठते. मलेरिया व डेंग्यूची तपासणी नकारात्मक आली की केसपेपरवर 'ताप' एवढाच शब्द उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, कारण न कळलेल्या तापाला आर ५०.९ हा संकेतांक आहे. भारतातील गोचीडजन्य टायफसला त्याच ग्रंथात ए ७७.१ हा वेगळा संकेतांक आहे. या दोन संकेतांकांमधील अंतर हा कारकुनी तपशील नव्हे. ज्या रोगाची नोंद नाही त्याला औषध नाही, तपासणी नाही आणि अंदाजपत्रकात तरतूदही नाही.

हा रोग विज्ञानाला नवा आहे, असे म्हणण्याची सोय कोणालाही नाही. मेगॉ यांनी कुमाऊँच्या डोंगरातील गोचीडजन्य टायफसचे वर्णन शंभर वर्षांपूर्वी केले. पुणे जिल्ह्यातील गोचीडजन्य रिकेटशिया रोगांवरील संशोधन १९८४ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. मुरबाडची पूर्वेची सीमा सह्याद्रीच्या माथ्यावर याच जिल्ह्याला भिडते, आणि गोचीड जिल्ह्याची हद्द ओळखत नाही. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये, केवळ लक्षणांवरून हा ताप लवकर ओळखता यावा म्हणून गुणांकनाची पद्धत मांडली. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली. तो सूक्ष्म माइटच्या अळीपासून होणारा याच कुळातील आजार असून त्याचा संकेतांक ए ७५.३ आहे. तेथे रोगाचे नाव उच्चारले गेले, म्हणून यंत्रणा हलली.

उपचार तर अगदीच स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लिन हे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीतील, काही रुपयांत मिळणारे औषध आहे. पेनिसिलिनसारखी नेहमीची इंजेक्शने या जिवाणूवर चालत नाहीत. रोगनिदान चुकले की रुग्ण आधी खाजगी दवाखान्यात सलाईन घेतो, मग गाडी ठरवून ठाण्याला किंवा मुंबईला नेला जातो. तोपर्यंत मूत्रपिंड वा फुप्फुस गुंतलेले असते. मजुरी बुडते, भाडे चढते आणि कर्ज होते. काही रुपयांच्या गोळ्या वेळेवर न दिल्याची किंमत अशी कातकऱ्याच्या घरातून वसूल होते; सरकारी हिशेबात ती कोठेच दिसत नाही.

वर्गीकरणाचा हेतूच मुळी हिशेबाचा होता. झाक बेर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, ती समाजाला आपले मृत्यू मोजता यावेत म्हणून. आपल्याकडे मात्र दुष्टचक्र फिरते आहे. तालुक्यात तपासणीची सोय नाही, म्हणून रोग सापडत नाही. रोग सापडत नाही, म्हणून संकेतांक पडत नाही. आणि संकेतांक नाही, म्हणून तपासणीची मागणी 'गरज सिद्ध होत नाही' या शेऱ्यासह परत येते. २०२१ मध्ये केंद्राने रोगसर्वेक्षणाच्या नव्या संगणकीय व्यवस्थेत १८ ऐवजी ३३ आजारांवर लक्ष ठेवण्याचे ठरवले, हे स्वागतार्ह आहे. पण यादी लांबवल्याने रक्ताचा नमुना तपासला जात नाही.

यात डॉक्टरला दोषी धरणे सोपे आणि अन्यायाचे आहे. ज्याच्या दारात पावसाळ्यात रांग संपत नाही, त्याच्याकडून संकेतांकांचा ग्रंथ पाठ असण्याची अपेक्षा कोण करील? शिवाय वाइल-फेलिक्स ही स्वस्त चाचणी बहुधा दुसऱ्या आठवड्यात उत्तर देते. तोवर थांबणे धोक्याचे. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत, संशय येताच अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करण्यास सांगितले आहे. आधी गोळी, मग अहवाल आणि अहवालानंतर अचूक नोंद, असा हा क्रम आहे. यातील एकही पायरी गाळून चालणार नाही. केवळ गोळी दिली तर एक रुग्ण वाचेल. नोंद झाली तर पुढच्या वर्षीचा औषधसाठा ठरेल.

मृत्यूंची स्थिती तर अधिक गंभीर आहे. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या शंभर मृत्यूंपैकी जेमतेम बावीस-तेवीस मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. पाड्यावर मेलेला माणूस 'तापाने गेला' एवढेच सांगितले जाते. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली आणि रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला विनामूल्य देणे बंधनकारक झाले. हा हक्क किती पाड्यांपर्यंत पोहोचला, हे कार्यकर्त्यांनीच पाहायला हवे.

संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील ७७ गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथील ग्रामसभांनी ठराव करून मागावे: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्सिसायक्लिनचा साठा, तालुक्याच्या रुग्णालयात एलायझा तपासणीची, निदान नमुने नियमित पाठवण्याची सोय, आणि आर ५०.९ खाली नोंदलेल्या तापांची दरवर्षी फेरतपासणी. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापुरात आहेत. तेथून निघालेले पाणी लिटरनिशी मोजले जाते. त्या धरणांच्या काठच्या माणसाचा ताप मोजण्याची तसदी राज्यकर्त्यांनी घ्यावी, ही मागणी दयेची नव्हे, हक्काची आहे.