स्वस्त तिकीट, महाग मुक्काम

भेट-व्हिसावर आखातात जाऊन नोकरी शोधणे गोव्यातील तरुणांना नवे नाही. जाण्याचे तिकीट सवलतीत मिळते. परतीचे मात्र मुलाखतींचा निकाल आणि विमानभाड्याची उतरण पाहून काढू, असे ठरते. हिशेब चुकतो तो येथेच.

संयुक्त अरब अमिरातीत 2022 अखेरपासून मुदत ओलांडणाऱ्यास दररोज 50 दिरहॅम दंड आहे. स्वस्त तिकिटाची वाट पाहत काढलेला आठवडा 350 दिरहॅमना पडतो, महिना 1,500ना. थायलंडमध्ये दिवसाचे 500 बाट भरावे लागतात. चाळीस दिवसांत रक्कम 20,000 बाटवर पोहोचून थांबते. मात्र 90 दिवसांपलीकडे राहिलेला स्वतःहून निघाला, तरी वर्षभर प्रवेशबंदी होते. पकडला गेल्यास ती किमान पाच वर्षांची असते.

दंडाहून गंभीर बाब म्हणजे त्यातून येणारी अगतिकता. कायदेशीर काम नाही आणि दंड भरल्याविना परतीची वाटही सुकर नाही, अशा कोंडीत माणूस मिळेल त्या मजुरीवर राबतो. अमिरातीने 2024च्या अखेरच्या चार महिन्यांत दंडमाफी दिली होती. पण अशा सवलतीच्या भरवशावर मुक्काम लांबवणे धोक्याचे. दूतावासांकडील भारतीय समुदाय कल्याण निधीतून किरकोळ दंड भरला जाऊ शकतो, परंतु कामगाराचा दोष नसेल तरच.

म्हणूनच परतीचे तिकीट व्हिसाची मुदत पाहून आधीच काढावे. मध्यरात्रीनंतरचे विमान पुढच्या तारखेचे असते, हेही ध्यानात ठेवावे.