पोळी सोडण्यापूर्वी रक्त तपासा

"डॉक्टरसाहेब, पोळी बंद केली आणि पोट हलकं झालं," असे सांगणारे रुग्ण हल्ली बरेच येतात. त्यांना मी हसत नाही. सीलिॲक हा आजार नसतानाही गव्हाने पोट फुगणे, थकवा असा त्रास काहींना खरोखरच होतो. माझी तक्रार घाईबद्दल आहे. सीलिॲकची टीटीजी ही रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. महिनोन्‌महिने पोळी सोडून आलेल्याचा रिपोर्ट फसवा, नॉर्मल येऊ शकतो आणि खरा आजार लपून राहतो.

शिवाय दोष दरवेळी ग्लुटेनचाच नसतो. नॉर्वेत ५९ जणांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्लुटेनपेक्षा गव्हातल्याच फ्रुक्टॅन या कर्बोदकाने अधिक त्रास दिला. हे फ्रुक्टॅन कांदा-लसणातही भरपूर असते. तेव्हा रोडग्यांच्या पंगतीनंतर पोट फुगले, तर वांग्याच्या भाजीकडेही संशयाने पाहावे!

तपासणी नॉर्मल आली, तर चार-सहा आठवडे ज्वारीची भाकर आणि भात खाऊन पाहा. आपल्या विदर्भाला भाकर काही नवी नाही. रवा, मैदा, शेवया म्हणजेही गहूच, हे विसरू नका. नंतर पोळी पुन्हा सुरू करा. त्रास परतला नाही, तर खुशाल खा. मात्र वजन घटत असेल, रक्त कमी असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर हे प्रयोग घरी करत बसू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.