विश्लेषण : कर्करोग ‘घराण्यात’ असेल तर तरुणांनी काय करायचे? अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यात अडचण कुठे येते?

एकाच कुटुंबात दोन-तीन पिढ्यांत कमी वयात कर्करोग झाला, की गावात ‘त्या घराला शापच आहे’ अशी कुजबुज सुरू होते. अशा काही घरांत खरे कारण सदोष जनुक असते. हे कळल्यावर सर्वात मोठा पेच पडतो तो अजून ठणठणीत असलेल्या विशीतल्या मुलामुलींसमोर.

आनुवंशिक कर्करोग म्हणजे काय?

एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्के आनुवंशिक असतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ जनुकांतील दोषामुळे स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. टीपी-५३ मधील दोषामुळे होणाऱ्या ‘ली-फ्रॉमेनी सिंड्रोम’मध्ये लहानपणापासूनच वेगवेगळे कर्करोग होऊ शकतात. या तिन्हींत आई किंवा वडिलांकडून दोष मुलाकडे येण्याची शक्यता ५० टक्के असते. मात्र दोष असणे म्हणजे कर्करोग झालाच असे नव्हे.

आधी तपासणी कोणाची?

शक्यतो ज्यांना कर्करोग झाला आहे त्यांची. त्यांच्यात नेमका दोष सापडला, की नातेवाइकांना फक्त तेवढ्याच दोषाची चाचणी पुरते. त्यामुळे घरातील रुग्णाचे बायोप्सी रिपोर्ट आणि फाइल रुग्ण दगावल्यानंतरही जपून ठेवावी.

तरुणांचा प्रश्न वेगळा का?

शिक्षण, नोकरी आणि लग्न हे निर्णय याच वयात होतात. बीआरसीए दोष असलेल्या तरुणींना साधारण २५व्या वर्षापासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय सुचवला जातो. ली-फ्रॉमेनीमध्ये दरवर्षी संपूर्ण शरीराचा एमआरआय करतात आणि अनावश्यक सीटी स्कॅन टाळतात. रिपोर्ट बाहेर फुटला तर स्थळ मोडेल, ही भीती मुलींच्या घरात जास्त असते. चाचणी निर्दोष आलेल्या भावंडालाही ‘मीच कसा सुटलो’ ही बोच लागते.

अहिल्यानगरमध्ये अडचण काय?

क्षेत्रफळाने हा राज्यातील सर्वात मोठा जिल्हा, तालुके १४. लोणी आणि विळद घाट येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मात्र जनुकीय समुपदेशनाची सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहे. टाटा मेमोरियल सेंटरचे कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक मुंबई-खारघरला आहे. अकोले किंवा जामखेडहून तिथे जायचे तर एक-दोन दिवसांची मजुरी बुडते. पाथर्डीतील ऊसतोड कुटुंब हंगामात काही महिने गावाबाहेर असते. वर्षाची तपासणी त्याच काळात आली, तर ती चुकण्याचीच शक्यता जास्त.

खर्च आणि विम्याचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पण या योजनेचा भर रुग्णालयातील ठरावीक उपचारांवर आहे. आजारी नसलेल्या तरुणाची गरज वेगळी असते. त्याला आयुष्यभर नियमित तपासण्या लागतात. खासगी विम्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘जनुकीय आजार’ असे सरसकट कारण देऊन दावे नाकारणे भेदभावाचे ठरवले. त्यानंतर विमा नियामकानेही कंपन्यांना तशा सूचना दिल्या. अर्जात विचारलेली माहिती मात्र लपवू नये. पुढे दावा अडकू शकतो.

आधार कसा द्यायचा?

- चाचणीआधी आणि निकालानंतर, दोन्ही वेळा समुपदेशन घ्यावे. निर्णय तरुणाचाच असावा.
- जो धोका मोठेपणीच उद्भवतो, त्याची चाचणी सहसा १८ वर्षांआधी करत नाहीत. ली-फ्रॉमेनीसारख्या, लहानपणीच धोका असलेल्या आजारांत डॉक्टर ती आधीही सुचवतात.
- निकाल कोणाला सांगायचा हे त्या व्यक्तीने ठरवावे. मात्र सख्ख्या भावंडांना कळवणे त्यांच्या जिवासाठी गरजेचे असते.
- पुढच्या तपासणीची तारीख हंगाम आणि परीक्षा पाहून आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.
- मनावर ताण असल्यास ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते.

जनुक बदलता येत नाही, पण धोका आधी कळला तर कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडण्याची शक्यता वाढते. त्यासाठी तपासणीची तारीख पाळता येईल अशी सोय जिल्ह्याजवळ हवी आणि घरात या विषयावर मोकळेपणाने बोलले जायला हवे.